कानातल्या आवाजाचा त्रास कागदावर कसा मोजतात? टिनिटसच्या प्रश्नावल्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ आहे. श्रवण तपासणीला येणाऱ्यांपैकी बरेच जण बसल्या बसल्या म्हणतात, “ऐकायला येतं हो, पण कान वाजतोय.” कुणाच्या कानात रातकिडे ओरडतात, कुणाला कुकरची शिट्टी ऐकू येते, कुणाच्या डोक्यात ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असतो. त्यांच्या हातात मी दोन पानांचा कागद आणि पेन देते. त्यावर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

टिनिटस म्हणजे नेमकं काय? मला भास होतायत का?

बाहेर आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणं म्हणजे टिनिटस. आपल्याकडचा जुना शब्द कर्णनाद. नसलेली माणसं बोलताना ऐकू येणं ही वेगळी गोष्ट आहे, ती टिनिटसमध्ये येत नाही. टिनिटसमध्ये शिट्टी, गुणगुण, सूं-सूं, टिकटिक असे अर्थ नसलेले आवाज येतात.

वेड लागत नाहीये, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी ऐकू व्यवस्थित येणाऱ्या ८० प्रौढांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटं बसवलं आणि काय ऐकू येतं ते सांगायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज सांगितला. ऐकण्याची यंत्रणा कधीच पूर्ण गप्प नसते. वयामुळे किंवा गोंगाटामुळे कानातल्या नाजूक पेशी कमी झाल्या की मेंदूकडे जाणारी माहिती घटते. ती उणीव भरून काढायला मेंदू जणू स्वतःच आवाज वाढवतो, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

मग हा आवाज मशीनने का मोजत नाही? शुगर मोजतात, बीपी मोजतात, तसं?

मोजतो की. हेडफोन लावून वेगवेगळे स्वर ऐकवतो आणि विचारतो, “तुमच्या कानातला आवाज यातल्या कशासारखा? एवढाच मोठा की लहान?” त्यातून आवाजाची पट्टी आणि पातळी कळते. पण निकाल बघून पेशंट खट्टू होतो. रात्र रात्र जागवणारा आवाज मोजला, तर पुष्कळदा तो ऐकू येण्याच्या किमान पातळीपेक्षा जेमतेम ५ ते १० डेसिबल वर भरतो. पानांची सळसळ म्हणावी इतकाच.

पेशंट म्हणतो, “म्हणजे मी उगाच रडतोय?” नाही. हा आकडा आणि माणसाचा त्रास यांचं गणित जुळत नाही, हे कित्येक दशकांपासून माहीत आहे. दोघांच्या कानात सारख्याच पातळीचा आवाज असतो. त्यातला एक दुकान सांभाळतो, नातवंडांना खेळवतो, रात्री आडवा झाला की घोरतो. दुसरा पंखा बंद झाला की घाबरतो आणि शांत खोलीत पाऊल टाकत नाही. फरक त्या आवाजाने आयुष्याची किती जागा व्यापली आहे, यात असतो. ती जागा मोजणारं यंत्र नाही. ती ज्याची त्यालाच माहीत असते, म्हणून ज्याची त्यालाच विचारावी लागते.

तुम्ही देता त्या कागदावर काय असतं?

सर्वात जास्त वापरली जाते ती टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी, थोडक्यात टीएचआय. न्यूमन, जेकबसन आणि स्पिट्झर या तिघांनी ती १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. तेव्हापासून जगातल्या कितीतरी भाषांत तिची भाषांतरं झाली आहेत.

प्रश्न २५. उत्तरं तीनच: हो, कधी कधी, नाही. ‘हो’ला ४ गुण, ‘कधी कधी’ला २, ‘नाही’ला शून्य. सगळे ‘हो’ असतील तर १००, सगळे ‘नाही’ असतील तर ०. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. शाळेच्या मार्कांची सवय लागलेल्यांना हे उलटं वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

प्रश्न रोजच्या जगण्यातले आहेत. आवाजामुळे लक्ष लागत नाही का? झोप लागायला त्रास होतो का? वाचताना अडचण येते का? चिडचिड होते का? घरच्यांशी, मित्रांशी संबंध ताणले गेलेत का? यातले ११ प्रश्न कामकाजाबद्दल आहेत आणि ९ भावनांबद्दल. उरलेले ५ सर्वात खोल जातात: आपल्याला काहीतरी भयंकर आजार झालाय असं वाटतं का, यातून सुटका नाही असं वाटतं का, आता झेपत नाही असं वाटतं का.

बेरीज बघण्याआधी माझी नजर या पाच प्रश्नांवर जाते. एकूण गुण ३० असले आणि त्यातले बरेचसे या पाचांत असले, तर त्या माणसाशी मी आधी बोलते. बहुतेक वेळा मनात एकच शंका घर करून बसलेली असते, ‘डोक्यात गाठ तर नसेल?’ त्या शंकेचं योग्य तपासणीने निरसन झालं की अर्धं ओझं तिथेच उतरतं.

माझे गुण ३८ आले. ‘मध्यम’ लिहिलंय. काळजीचं आहे का?

टीएचआयच्या गुणांचे पाच टप्पे मानतात. ० ते १६ अगदी किरकोळ, १८ ते ३६ सौम्य, ३८ ते ५६ मध्यम, ५८ ते ७६ तीव्र आणि ७८ ते १०० अतितीव्र. गुण दोनाच्या पटीत येतात, म्हणून १६ नंतर थेट १८.

आता तुमच्या ३८ चं बघू. समजा ५ प्रश्नांना ‘हो’ म्हणालात, त्याचे २०. नऊ प्रश्नांना ‘कधी कधी’, त्याचे १८. उरलेल्या ११ प्रश्नांना ‘नाही’. एकूण ३८, म्हणजे मध्यम. यातल्या एका ‘कधी कधी’च्या जागी ‘नाही’वर खूण केली असती तर ३६ झाले असते आणि कागदावर ‘सौम्य’ उमटलं असतं. माणूस तोच, त्रास तोच. म्हणून त्या शब्दाला घाबरू नका आणि त्याच्यावर निर्धास्तही होऊ नका. माझ्यासाठी ते ५ ‘हो’ कुठे पडलेत, हे जास्त महत्त्वाचं. ते झोप, थकवा, चिडचिड याभोवती असतील तर उपचाराचा रस्ता एक, माणसांत मिसळण्याभोवती असतील तर दुसरा.

अगदी किरकोळ गटातल्यांना बहुतेकदा तपासणी, नीट समजावणं आणि गोंगाटापासून कान जपण्याचा सल्ला एवढं पुरतं. तीव्र आणि अतितीव्र गटातल्यांना एकट्या ऑडिओलॉजिस्टवर सोडू नये. कानाचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघेही सोबत हवेत.

मला दुसऱ्या ठिकाणी ० ते १० आकडे असलेला कागद दिला होता. तो वेगळा का?

तो बहुतेक टिनिटस फंक्शनल इंडेक्स, म्हणजे टीएफआय असावा. मेरी माइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे हक्क ओरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीकडे आहेत. अमेरिकेच्या माजी सैनिकांना ज्या त्रासांसाठी सरकारी भरपाई मिळते, त्यांत टिनिटस संख्येने सर्वात वर आहे. त्यामुळे उपचाराने खरंच फरक पडतोय का, हे पकडणारं चांगलं माप तिथे निकडीचं होतं.

यातही २५ प्रश्न आहेत, पण ते फक्त गेल्या आठवड्याबद्दल विचारतात आणि उत्तर ० ते १० मध्ये कुठेही देता येतं. दोन प्रश्नांत टक्के विचारतात, उदाहरणार्थ जागेपणीचा किती टक्के वेळ आवाजाची जाणीव होती. प्रश्नांचे आठ गट आहेत: आवाजाची घुसखोरी, त्यावर ताबा असल्याची भावना, विचार आणि एकाग्रता, झोप, ऐकणं, निवांतपणा, आयुष्याचा दर्जा आणि मनःस्थिती.

हिशेब सरासरीचा असतो. समजा २४ प्रश्नांची उत्तरं दिली आणि त्यांची बेरीज १०८ झाली. १०८ भागिले २४ म्हणजे साडेचार, त्याला १० ने गुणलं की ४५. एखादा प्रश्न सुटला तरी चालतं ते यामुळेच, पण निदान १९ उत्तरं हवीत. साधारणपणे २५ च्या आत सौम्य, २५ ते ५० म्हणजे दखल घ्यावी असा त्रास, ५० च्या वर तीव्र.

माझं मत विचाराल तर पहिल्या भेटीला टीएचआय सोयीची, विशेषतः कमी शिकलेल्या किंवा वयस्कर माणसाला. ‘हो’, ‘नाही’ सगळ्यांना जमतं, ‘दहापैकी किती’ विचारलं की पुष्कळ जण गोंधळतात. उपचार सुरू झाल्यावर मात्र टीएफआय जास्त कामाला येते. चारचे तीन झाले तरी ती ते टिपते. टीएचआयमध्ये ‘हो’पासून ‘कधी कधी’पर्यंत यायला मोठी उडी मारावी लागते. फक्त एक लक्षात ठेवा, एका प्रश्नावलीचे गुण दुसरीच्या गुणांशी ताडून बघू नका. टीएचआयचे ४५ आणि टीएफआयचे ४५ एक नव्हेत.

याखेरीज आणखी कुठल्या प्रश्नावल्या आहेत?

इंग्लंडमध्ये हॅलम यांची ५२ प्रश्नांची टिनिटस क्वेश्चनेअर १९८८ ची. जर्मनीत ती फार रुजली आणि तिथेच तिचं १२ प्रश्नांचं छोटं रूपही तयार झालं. सोबत झोपेची, नैराश्याची आणि मोठे आवाज सहन न होण्याची वेगळी प्रश्नावली देतात, कारण हे त्रास टिनिटसबरोबर जोडीने येतात. सगळ्या एकाच दिवशी भरायला लावणं मला पटत नाही. चौथ्या कागदापर्यंत माणूस कंटाळतो आणि नुसत्या खुणा करत सुटतो.

मला ऐकायलाच कमी येतं. तो त्रास आवाजाचा धरायचा की बहिरेपणाचा?

अगदी योग्य प्रश्न, आणि इथेच प्रश्नावल्या फसतात. ‘आवाजामुळे लोकांचं बोलणं कळायला त्रास होतो का?’ असं विचारलं की ऐकू कमी येणारा माणूस लगेच ‘हो’ म्हणतो. त्याला वाटतं, त्या शिट्टीखाली बोलणं दबतंय. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवण तपासणीचा आलेख, काढला की दिसतं, वरच्या पट्टीतले ‘स’, ‘श’, ‘फ’ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. बोलणं कळत नाही ते यामुळे, शिट्टी नसती तरी कळलं नसतंच.

हे वेगळं काढण्यासाठी जेम्स हेन्री आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत टिनिटस अँड हिअरिंग सर्व्हे ही १० प्रश्नांची छोटी यादी केली. चार प्रश्न टिनिटसचे, चार ऐकण्याचे, दोन मोठे आवाज सहन होण्याचे. पहिल्या चारांत गुण कमी आणि दुसऱ्या चारांत भरपूर, असं निघालं तर टिनिटसच्या उपचारांवर खर्च करण्याआधी कानाच्या मशीनचा विचार करायला हवा. मशीन लावल्यावर बाहेरचे आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात आणि पुष्कळांना कानातला आवाज मागे सरकल्यासारखा वाटतो. म्हणून श्रवण तपासणी न करता नुसती प्रश्नावली भरून घेणं मला अर्धवट काम वाटतं.

प्रत्येक ठिकाणी ‘कधी कधी’ लिहिलं तर?

बेरीज ५० येईल आणि मला काहीच कळणार नाही.

आपल्याकडे ‘कधी कधी’ हे सभ्य उत्तर आहे. डॉक्टरांसमोर ‘हो’ म्हटलं तर कुरकुर केल्यासारखं वाटतं, ‘नाही’ म्हटलं तर मग आलात कशाला असं विचारतील याची धास्ती. म्हणून माणूस मधला रस्ता धरतो. मी सांगते, गेले सात दिवस आठवा. सातपैकी पाच-सहा दिवस झालं असेल तर ‘हो’. एक-दोनदाच झालं असेल तर ‘कधी कधी’. मागच्या वर्षी झालं होतं आणि आता होत नाही, तर ‘नाही’. टीएचआय ठरावीक मुदत सांगत नाही, त्यामुळे हा माझा घरचा नियम आहे. पुढच्या वेळीही तोच लावायचा, म्हणजे दोन कागद एकमेकांशी ताडता येतात.

दुसरी गोष्ट, एकेका प्रश्नावर रेंगाळू नका. पहिलं मनात येतं ते बहुतेकदा खरं असतं. सगळा कागद दहा मिनिटांत व्हायला हवा.

मला इंग्रजी येत नाही. कुणीतरी वाचून दाखवलं तर चालेल का?

वाचून दाखवायला हरकत नाही, जागच्या जागी भाषांतर करायला आहे. प्रश्नावलीचं भाषांतर हे नाजूक काम आहे. आधी मराठीत आणायचं, मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही ताडायचं, पेशंटवर वापरून बघायचं, मग गुण भरवशाचे येतात का ते तपासायचं. तुमच्या हातात मराठी कागद आला तर तो असा पारखून घेतलेला आहे का, हे बिनधास्त विचारा.

शब्दाशब्दाने किती फरक पडतो, ते सांगते. ‘डिप्रेस्ड’साठी ‘नैराश्य’ लिहिलं की लोकांना ते आजाराचं नाव वाटतं आणि ‘नाही’वर खूण होते. ‘मन उदास होतं का?’ विचारलं की तोच माणूस मान डोलावतो. ‘इनसिक्युअर’चं तर ‘असुरक्षित’ करून चालतच नाही. एक मावशी म्हणाल्या, “आमच्या गल्लीत तसं काही भ्या नाही हो.” त्यांना चोऱ्यामाऱ्या आठवल्या होत्या. ‘आपलं पुढं कसं होईल अशी धाकधूक लागते का?’ असं म्हटल्यावर त्या गप्प झाल्या आणि मग डोळे पुसले.

मूळ टीएचआयमध्ये माणसांत मिसळण्याविषयीच्या प्रश्नात बाहेर जेवायला जाण्याचं, सिनेमाचं उदाहरण आहे. ज्या बाईने आयुष्यात कधी हॉटेलात जेवण केलं नाही, ती सरळ ‘नाही’ म्हणते आणि तिचे चार गुण गळतात. तिचं जाणं-येणं असतं ते भजनी मंडळात, हळदीकुंकवाला, लग्नकार्यात. टाळ वाजायला लागले की कान भणाणतो म्हणून तिने गुरुवारचं भजन सोडलेलं असतं. हे त्या कागदावर कुठेच उतरत नाही, उलटं विचारल्याशिवाय कळतही नाही.

माझ्या वडिलांचा कागद मी भरला तर? त्यांना दिसायला कमी आहे.

प्रश्न मोठ्याने वाचा, खूण तुम्ही करा, पण उत्तर त्यांचंच हवं. “अहो बाबा, परवा तर म्हणालात ना झोप लागली म्हणून?” असं मध्ये बोलू नका. शक्य असेल तर वाचायचं काम क्लिनिकमधल्या माणसावर सोपवा.

मी हे इतकं निक्षून सांगते त्यामागे एक अनुभव आहे. एक आजोबा मुलाबरोबर आले होते. मुलाच्या देखत कागद भरला, गुण आले १८. मुलगा फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा आजोबा हळूच म्हणाले, “तो कागद परत द्या जरा.” पुन्हा भरला, ५२ आले. मुलावर दवाखान्याच्या खर्चाचा बोजा नको म्हणून त्यांनी सगळं दडपलं होतं. तेव्हापासून सोबतच्या माणसाला मी त्या दहा मिनिटांसाठी चहा प्यायला पाठवते.

गुण किती कमी झाले म्हणजे फरक पडला असं समजायचं?

दोन-चार गुण इकडेतिकडे म्हणजे काही नाही. आदली रात्र कशी गेली, घरात काही कटकट झाली का, एवढ्यानेही ते हलतात. टीएचआय तयार करणाऱ्यांनीच १९९८ मध्ये तपासून सांगितलं, की एकाच माणसाच्या दोन वेळच्या गुणांत २० किंवा त्याहून जास्त फरक असेल तर तो खरा बदल समजावा. पुढे २०११ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पेशंटना स्वतःला बरं वाटलं का याच्याशी गुण ताडून बघितले, तेव्हा सुमारे ७ गुणांची घटही पेशंटना जाणवते असं दिसलं. टीएफआयसाठी १३ गुणांची घट अर्थपूर्ण मानतात.

एका माणसाच्या बाबतीत मी २० चाच आकडा धरते, कारण खोटी आशा दाखवायला नको. पण ८ गुण उतरले आणि ते सगळे झोपेच्या आणि थकव्याच्या प्रश्नांतून उतरले, तर मी तेही मोठ्या आनंदाने त्यांना दाखवते.

आवाज तर तसाच आहे, आणि तुम्ही म्हणता गुण सुधारले. हा कसला उपचार?

हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण प्रश्नात तथ्य आहे. माणूस आवाज बंद करून घ्यायला आलेला असतो. आवाजच पुसून टाकील असं सिद्ध झालेलं औषध आज उपलब्ध नाही. कानात थेंब किंवा लसणाचं कोमट तेल घालून तो जात नाही, उलट पडद्याला भोक असेल तर इजा होते. ज्याचा सर्वात भक्कम पुरावा आहे ती कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचारांवर आणि सवयींवर काम करणारा समुपदेशनाचा प्रकार. तिने आवाजाची पातळी घटत नाही, त्रास घटतो.

इचलकरंजीचे एक काका आहेत. तीसेक वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून काम. धोट्याच्या खडखडाटात शेजारच्याला हाक मारायची तरी कानाशी तोंड न्यायचं. निवृत्त झाले, घर शांत झालं आणि कानातली शिट्टी वर आली. पहिल्या दिवशी टीएचआयचे गुण ६२. कागदाच्या कडेला त्यांनी पेनाने लिहिलं होतं, ‘रात्री दोन नंतर फार.’ दोन्ही कानांना मशीन लावलं, रात्री उशाशी मंद आवाजात पंख्यासारखा सूर ठेवायला सांगितला, समुपदेशनाला पाठवलं. तीन महिन्यांनी तोच कागद, ४० गुण. बावीस उतरले. हेडफोन लावून पातळी पुन्हा मोजली तर जवळपास पहिल्याइतकीच.

मी म्हटलं, “काका, आवाज कसा आहे?”

“आवाज हाय तितकाच हाय की ओ मॅडम,” ते म्हणाले. “पर आता रात्री मी त्येच्याकडं बघत न्हाई.”

काकू शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, “आता मलाबी झोप लागते.”

त्या दोन मापांपैकी मी कुठल्याला खरं मानते, ते वेगळं सांगायला नको.

‘आता झेपत नाही’ या प्रश्नाला माझा ‘हो’ आहे. सांगायला लाज वाटते.

लाजू नका, तिथे खूण करा आणि शक्य असेल तर तोंडीही सांगा. तो प्रश्न त्यासाठीच आहे. कागद घेणाऱ्याने त्या खुणेवर त्याच दिवशी बोलायला हवं. नाही बोलला तर तुम्हीच विषय काढा.

जगणं नकोसं वाटत असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. घरातल्या एकाला आत्ता सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. केंद्र सरकारची ही टेली-मानस हेल्पलाइन चोवीस तास चालते, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. कुणी स्वतःला इजा करण्याच्या बेतात असेल तर त्याला एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयात घेऊन जा. कानातल्या आवाजाने माणूस या थराला येऊ शकतो, हे आम्हाला माहीत आहे. सोबत मिळाली आणि झोप परतली की माणूस त्यातून बाहेर येतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रश्नावली बाजूला ठेवून थेट कानाच्या डॉक्टरांकडे कधी जायचं?

अचानक, एक-दोन दिवसांत एका कानाने ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी. ‘मळ असेल, सर्दी असेल’ म्हणून आठवडा घालवू नका, कारण यात उपचार जितका लवकर तितकी ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त. नाडीच्या ठोक्याबरोबर धप-धप असा आवाज येत असेल, आवाज फक्त एकाच कानात असेल, सोबत गरगरत असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, कानातून पू किंवा रक्त येत असेल, डोक्याला मार लागल्यावर सुरू झालं असेल, तरीही आधी डॉक्टर, कागद नंतर. चेहरा लुळा पडणं किंवा डोक्याला मार, यांत तर थेट तातडीच्या विभागात जा.

चालू औषधांची यादी सोबत न्या. जास्त मात्रेतली ॲस्पिरिन, काही इंजेक्शनची अँटिबायोटिक्स आणि सिस्प्लॅटिनसारखी कॅन्सरची औषधं यांनी कान वाजू शकतो. मात्र स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

मोबाइलवर सापडलेली प्रश्नावली घरी भरली तर चालते?

चालते, पण रोज भरू नका. रोज पंचवीस प्रश्न विचारून घेतले म्हणजे जो आवाज विसरायचाय त्याचीच रोज हजेरी घेतल्यासारखं होतं. उपचार सुरू होताना एकदा, तीन महिन्यांनी एकदा, सहा महिन्यांनी एकदा, एवढं पुरे. दर वेळी प्रश्नावली तीच हवी, भाषा तीच हवी. गणपती विसर्जनाच्या डीजेसमोर चार तास उभं राहून आल्यावर दुसऱ्या दिवशी भरू नका, ते गुण त्या रात्रीचे असतील.

लहान मुलांना ही देता येते का?

नाही, या मोठ्यांसाठी केलेल्या आहेत. मुलं चित्र काढून किंवा आवाजाची नक्कल करून जास्त छान सांगतात. त्यांना झोपेबद्दल, वर्गाबद्दल गप्पांतून विचारायचं, आणि आईबापांना वेगळं.

या गुणांवर दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत टिनिटस वेगळा धरलेला नाही. ऐकण्यातली घट मात्र त्यात आहे आणि ती श्रवण तपासणीवरून ठरते, प्रश्नावलीवरून नव्हे. ऐकूही कमी येत असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे श्रवण तपासणी होते.

भरलेला कागद कुठे ठेवायचा? क्लिनिकवाले ठेवून घेतात.

मागून घ्या, निदान मोबाइलवर फोटो काढा. वर तारीख, प्रश्नावलीचं नाव आणि त्या आठवड्यात किती तास झोप होत होती ते लिहून ठेवा. मशीन वापरत असाल तर तेही. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर नव्या ठिकाणी पहिल्या भेटीला ऑडिओग्रामबरोबर तो कागद टेबलावर ठेवा. इचलकरंजीचे काका त्यांचे दोन्ही कागद गॅसच्या पासबुकात घडी घालून ठेवतात. तिसऱ्या भेटीला येताना ते घेऊन आले होते आणि मी नवा कागद पुढे करायच्या आधीच खिशातून पेन काढून बसले.